घराला जोडलेले नाट्यगृह : जॉन क्रिस्टी आणि ग्लाइंडबोर्न

विसाव्या शतकातील इंग्लंडच्या संगीतजीवनाचा इतिहास ससेक्स परगण्यातील ग्लाइंडबोर्न या जागेचा उल्लेख टाळून लिहिता येत नाही. मात्र ही जागा ज्यांनी घडवली ते जॉन क्रिस्टी (१८८२–१९६२) संगीतकार नव्हते, आणि हौशी गायनापलीकडे त्यांची मजल कधी गेली नाही. व्यवसायाने ते प्रथम विज्ञानशिक्षक, वारशाने जमीनदार आणि स्वभावाने बांधकाम करणारे गृहस्थ होते. ऑपेरा, म्हणजे अथपासून इतिपर्यंत वाद्यवृंदाच्या साथीने गायले जाणारे नाटक, त्यांनी आपल्या राहत्या घराला जोडून उभारलेल्या रंगमंदिरात आणला, आणि तो अशा तयारीने सादर करवला की युरोपातील मोठ्या राजधान्यांतील जाणकारांनाही त्याची दखल घ्यावी लागली. या उद्योगाकडे बहुधा एका धनिकाचा छंद म्हणून पाहिले जाते, आणि त्यात तथ्य नाही असेही नाही. परंतु क्रिस्टी यांचे संगीतप्रेम त्यांच्या बांधकामाच्या सवयींपासून वेगळे काढले, तर ग्लाइंडबोर्न असे का झाले याचा उलगडा होत नाही. प्रस्तुत विवेचनाचा रोख या सवयींवर आहे.

ग्लाइंडबोर्न हे गाव नव्हे, घराचे नाव आहे. लंडनच्या दक्षिणेस सुमारे ८० किलोमीटरवर, लुइस या शहराच्या जवळ, साउथ डाउन्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडूच्या बुटक्या डोंगररांगेच्या कुशीत हे जुने घर उभे आहे. त्याचा गाभा ट्यूडर राजवटीच्या काळातला, म्हणजे सोळाव्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. ज्या रूपात ते आज दिसते त्यातील बराचसा भाग मात्र १८७० च्या दशकातला आहे, कारण जॉन यांचे आजोबा विल्यम लँगहॅम क्रिस्टी यांनी त्या काळी ईवन ख्रिश्चन या वास्तुविशारदाकडून घराला विटांचे नवे काम, पुढे आलेल्या खिडक्या आणि दगडी कठडे करून घेतले. प्रत्येक पिढीने येऊन घरात भर घालायची, आधीचे पाडायचे नाही, ही इंग्रज जमीनदारांची जुनी रीत होती, आणि नातवाने पुढे जे केले ते या रीतीला धरूनच होते. फक्त त्याने घातलेली भर मूळ घरापेक्षा मोठी निघाली.

जॉन यांचा जन्म १८८२ च्या डिसेंबरात डेव्हन परगण्यात झाला. आई लेडी रोझमंड या पोर्ट्‌स्मथच्या अर्लच्या, म्हणजे वॉलप या सरदार घराण्यातल्या, कन्या होत्या. शिक्षण ईटन या प्रसिद्ध निवासी शाळेत आणि नंतर केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले, आणि १९०६ मध्ये ते ईटनलाच विज्ञान शिकवू लागले. पहिल्या महायुद्धात एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेलेली असूनही ते किंग्ज रॉयल रायफल कोअर या पलटणीतून खंदकांत लढले आणि मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळवून परतले. शिक्षकाची नोकरी त्यांनी १९२२ पर्यंत सोडली नाही, मात्र ग्लाइंडबोर्नचा कारभार युद्धाच्या आधीच त्यांच्या हाती आला होता आणि १९२० मध्ये त्या जमीनजुमल्याची कायदेशीर मालकीही पूर्णपणे त्यांच्याकडे आली.

त्यांच्या संगीतप्रेमाला वळण देणारी व्यक्ती म्हणजे ईटनचे संगीतप्रमुख डॉ. चार्ल्स हारफर्ड लॉइड. ते चर्चसंगीताचे रचनाकार आणि नावाजलेले ऑर्गनवादक होते, आणि शाळेतून निवृत्त झाल्यावर या वृद्ध स्नेह्याला वाजवण्याजोगा ऑर्गन आपल्या घरी असावा असे क्रिस्टी यांच्या मनाने घेतले. येथे मराठी वाचकासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे, कारण ऑर्गन म्हटले की आपल्यापुढे संगीत नाटकातील पायपेटीचे वाद्य येते, ज्यात हवेच्या झोताने धातूच्या पट्ट्या कंप पावतात आणि जे दोन माणसे उचलून बैलगाडीत किंवा रेल्वेच्या डब्यात चढवू शकत. चर्चमधील ऑर्गन याहून मुळातच निराळा. त्यात शेकडो, मोठ्या वाद्यात हजारो, लाकडी व धातूच्या नळ्या उभ्या केलेल्या असतात. पट्टी दाबली की दाबाखाली साठवलेली हवा ठरावीक नळीत शिरते, आणि खालच्या सुरांसाठी या नळ्यांची लांबी चार-पाच मीटर किंवा त्याहूनही अधिक लागते. त्यामुळे असे वाद्य विकत आणून ठेवता येत नाही, ते जागेवर बांधावे लागते. पायाला भार पेलला पाहिजे, छताची उंची नळ्यांना पुरली पाहिजे, हवेच्या पेट्यांना जागा राखली पाहिजे, आणि भिंती, तक्तपोशी व जमीन यांवर सूर कसा परततो याचा आधीच विचार झाला पाहिजे, कारण ज्या दालनात ऑर्गन असतो ते दालनच त्याचे अर्धे वाद्य असते.

बांधकामाची आवड असलेल्या माणसाला याहून गोड निमित्त सापडणे कठीण होते. एडमंड वॉर या वास्तुविशारदाच्या साहाय्याने क्रिस्टी यांनी घराला सुमारे २४ मीटर लांबीचे नवे अंग जोडले, आणि त्यातील दालनाला ऑर्गन रूम असे नाव पडले. तेथे बसवलेला ऑर्गन इंग्लंडमधील कॅथीड्रलांबाहेरच्या सर्वांत मोठ्या ऑर्गनांमध्ये गणला जाई. ज्यांच्यासाठी हा खटाटोप मांडला ते लॉइड मात्र १९१९ च्या ऑक्टोबरात निवर्तले आणि वाद्य पुरे झालेले त्यांनी पाहिले नाही. या ऑर्गनची पुढची गोष्टही येथेच सांगितलेली बरी : दुसऱ्या महायुद्धात बाँबने उद्ध्वस्त झालेले लंडनच्या वेलिंग्टन बराकींतील गार्ड्‌स चॅपल पुन्हा उभारले गेले, तेव्हा क्रिस्टी यांनी आपल्या ऑर्गनच्या नळ्या आणि आतील यंत्रणा त्या प्रार्थनामंदिराला देऊन टाकली, आणि ग्लाइंडबोर्नला त्याचे लाकडी कवच राहिले.

एवढे मोठे वाद्य बांधवून घेताना क्रिस्टी यांना ते बनवणाऱ्या कारागिरीतच रस निर्माण झाला. हिल, नॉर्मन अँड बिअर्ड ही दोन जुन्या कारखान्यांच्या १९१६ मधील एकीकरणातून तयार झालेली ऑर्गन बांधणारी कंपनी होती; १९२० च्या दशकात तिची सूत्रे त्यांनी स्वतःकडे घेतली, आणि त्याच काळात चित्रपटगृहांसाठी या कंपनीने जे ऑर्गन तयार केले ते ‘क्रिस्टी’ याच नावाने बाजारात आले. मूकपटांच्या जमान्यात पडद्यावरील प्रसंगाला साथ करणारे, घंटा, नगारे आणि पक्ष्यांचे आवाजही काढू शकणारे हे वाद्य होते. बोलपट आल्यावर त्याची निकड संपत गेली. चर्चसंगीताच्या ओढीने या धंद्यात शिरलेल्या माणसाचे नाव सिनेमाच्या ऑर्गनवर कोरले जावे, हा या व्यापाराचा एक गमतीशीर परिणाम म्हणावा लागेल.

त्यांचा दुसरा उद्योग याहून अधिक महत्त्वाचा आहे, जरी संगीताच्या इतिहासकारांनी त्याची बोळवण एका ओळीत केली आहे. मोठ्या जमीनजुमल्याच्या मालकाला कुळांची घरे, गोठे, कुंपणे आणि नाले यांच्या दुरुस्तीसाठी गवंडी, सुतार, लोहार असा कायमचा ताफा पदरी ठेवावा लागे. क्रिस्टी यांनी या ताफ्याला शेजारच्या रिंगमर गावात कंपनीचे रूप दिले, आणि ‘रिंगमर बिल्डिंग वर्क्स’ या नावाने तिने मालकाच्या कामाबरोबर बाहेरचीही बांधकामे घ्यायला सुरुवात केली. त्याच गावात त्यांचे मोटारदुरुस्तीचे दुकानही होते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये जमिनीच्या खंडावर जगणारी घराणी वाढत्या करांखाली खचत होती आणि कित्येकांनी वाडे विकले वा पाडले. अशा काळात पदरच्या कारागिरांना धंद्याला लावण्याचा हा मार्ग व्यवहारी तर होताच, पण त्यामुळे क्रिस्टी यांच्या हाताशी एक असे साधन आले जे त्यांच्या वर्गातील इतर संगीतप्रेमींकडे नव्हते. एखादी भिंत हलवायची, रंगमंच वाढवायचा किंवा पडदे लावण्याची सोय बदलायची, तर बाहेरून कंत्राटदार बोलावून, अंदाजपत्रक मागवून, निर्णय महिनोन्‌महिने लांबवण्याची त्यांना गरज नव्हती. सकाळी सुचलेल्या कामाला दुपारी माणसे लावता येत. ग्लाइंडबोर्नच्या पुढील वाढीत जी घाई, जी लवचीकता आणि काही ठिकाणी जी ठिगळवजा रचना दिसते तिचे मूळ या सोयीत आहे.

ऑर्गन रूम तयार झाल्यावर तेथे हौशी संगीताच्या बैठका होऊ लागल्या. निमंत्रित पाहुणे, शेजारी, नोकरचाकर आणि कुळे श्रोते असत, आणि हौशी गायकांच्या जोडीला कधी एखादा धंदेवाईक गायक बोलावला जाई. क्रिस्टी यांचे दैवत जर्मन रचनाकार रिचर्ड वाग्नर. त्याची दीर्घ संगीतनाटके जेथे त्याने स्वतः बांधवून घेतलेल्या नाट्यगृहात उन्हाळ्यात होत, त्या बायरॉइट गावाचा क्रिस्टी यांच्यावर खोल ठसा होता. १९२८ मध्ये वाग्नरच्या ‘डी माइस्टरझिंगर’ या नाटकाचा एक प्रवेश ऑर्गन रूममध्ये झाला, त्यात नियमांवर बोट ठेवणाऱ्या खाष्ट परीक्षकाची, बेकमेसरची, भूमिका घरमालकाने स्वतः वठवली. हे सारे घरगुती होते, आणि १९३० च्या अखेरनंतरही ते घरगुतीच राहिले असते, जर मोझार्टच्या एका नाटकातील भूमिकेसाठी त्या सुमारास ऑड्री मिल्डमे हिला बोलावणे गेले नसते.

ऑड्री (१९००–१९५३) ही कार्ल रोझा या फिरत्या ऑपेरा मंडळीत गाणारी सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची स्त्रीगायिका. जन्म ससेक्समधलाच, पण बालपण कॅनडात गेलेले. ४ जून १९३१ रोजी तिचा क्रिस्टी यांच्याशी विवाह झाला. वर अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. लग्नानंतरच्या प्रवासात दोघांनी साल्झबुर्ग आणि बायरॉइट येथील उत्सव पाहिले, आणि तसे काही आपल्याकडे करावे ही कल्पना तेथे मूळ धरू लागली. क्रिस्टी यांचा पहिला बेत ऑर्गन रूमलाच आणखी थोडी जागा जोडून, छोटासा रंगमंच करून हौशी खेळ चालू ठेवण्याचा होता. खर्च करायचाच तर काम नीट, धंदेवाईक दर्जाचे करावे, असा आग्रह पत्नीने धरला, आणि उभारत आलेले काम बदलून नवा आराखडा करण्यात आला. ग्लाइंडबोर्नच्या इतिहासातील हा निर्णायक सल्ला रंगमंचाचा रोजचा अनुभव असलेल्या बाईकडून आला, हे लक्षात ठेवले पाहिजे. पुढे या उद्योगाचे श्रेय देताना नवऱ्याच्या विक्षिप्तपणाच्या आख्यायिकांखाली तिचा वाटा बराच झाकला गेला आहे.

नव्या नाट्यगृहात ३०० आसने होती, आणि प्रेक्षकांच्या व रंगमंचाच्या मधल्या खोलगट जागेत, ज्याला वाद्यवृंदाचा खड्डा म्हणतात तेथे, पूर्ण सिंफनी वाद्यवृंद बसू शके. या दोन गोष्टींमधील विसंगती लक्षणीय आहे. तीनशे श्रोत्यांच्या तिकिटांतून एवढ्या वादकांचा आणि गायकांचा खर्च निघणे शक्य नव्हते, आणि कोणत्याही व्यापारी नाट्यव्यवस्थापकाने हा आराखडा पाहताच फेटाळला असता. क्रिस्टी यांनी तो घरातील खोली म्हणून काढला होता, म्हणून त्यांना तो योग्य वाटला. दर्शनी भागाला शहरी नाट्यगृहाचा डौल नव्हता, नक्षीदार सज्जे आणि सोनेरी मुलामा नव्हता. लाकूड व वीट यांचे हे काम घराच्या अंगाला चिकटून उभे होते आणि दुरून पाहणाऱ्याला ते जमीनदाराचे मोठे कोठार वाटावे असे होते. ध्वनीच्या बाबतीत ते कोरडे होते, म्हणजे सूर थांबला की त्याचा घुमारा लगेच विरून जाई. मोठ्या आवाजाला त्यातून उठाव मिळत नसे, पण शब्द स्पष्ट ऐकू येत आणि गायकांच्या संवादातील बारकावे शेवटच्या रांगेपर्यंत पोचत.

या वास्तूने आपला कार्यक्रम स्वतःच ठरवला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. क्रिस्टी यांच्या डोक्यात अजून वाग्नरच होता, आणि ‘पार्सिफाल’सारख्या भव्य कृतीने आरंभ करण्याचे ते बोलत, परंतु संगीताची जबाबदारी ज्यांच्याकडे आली त्यांनी तीनशे आसनांच्या, घुमारा नसलेल्या दालनाकडे पाहून मोझार्ट सुचवला. मोझार्टच्या नाटकांना आठ-दहा तोलामोलाचे गायक, बेताचा वाद्यवृंद आणि एकमेकांशी जुळवून घेण्याची तयारी लागते. ज्या मराठी वाचकाच्या कानात संगीत नाटकाचे पद मुरलेले आहे त्याला येथे एक फरक ध्यानात घ्यावा लागेल : आपल्याकडे पद हे गायकाच्या हाती सोपवलेले असे, तो ते रंगल्यास वाढवी आणि ‘वन्स मोअर’ला मान देई, तर मोझार्टच्या रचनेत प्रत्येक स्वर आणि प्रत्येक विराम लिहून ठेवलेला असतो, आणि सहा-सात पात्रे एकाच वेळी निरनिराळे शब्द गात असताना तोल राखणे ही खरी परीक्षा असते. ही परीक्षा तालमींनी उतरते, नामांकित आवाजांनी नव्हे.

तालमी घेणारी माणसे मिळाली ती जर्मनीतील राजकीय अनर्थामुळे. फ्रिट्झ बुश हे ड्रेस्डेन येथील सरकारी ऑपेरागृहाचे संगीतप्रमुख. मार्च १९३३ मध्ये नाझी पक्षाच्या गुंडांनी त्यांना वाद्यवृंदापुढे उभे असतानाच आरडाओरडा करून हुसकावले. ते ज्यू नव्हते, पण नव्या राजवटीशी त्यांचे जमणारे नव्हते. कार्ल एबर्ट हे मूळचे नट, नंतर बर्लिनच्या नगर-ऑपेराचे प्रमुख, यांनीही त्याच वर्षी देश सोडला. फ्रिट्झ यांचे बंधू, व्हायोलिनवादक अडॉल्फ बुश, इंग्लंडमध्ये मैफली करीत असताना ससेक्समधील या नव्या नाट्यगृहाची वार्ता त्यांच्या कानी गेली आणि तिच्यातून पुढचे संबंध जुळले. व्हिएन्नाचे रुडॉल्फ बिंग, जे एबर्ट यांच्या हाताखाली बर्लिनला होते आणि ज्यू असल्यामुळे तेथून बाहेर पडले होते, ते व्यवस्थापनासाठी आले. हेच बिंग पुढे १९५० पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे दोन दशकांहून अधिक काळ सूत्रधार झाले. मध्य युरोपात शहरोशहरी सरकारी खर्चाने चालणाऱ्या ऑपेरागृहांची जी शिस्त होती, दिग्दर्शक आणि संगीतसंचालक यांनी आठवडेच्या आठवडे एकत्र तालीम घेण्याची जी पद्धत होती, ती या तिघांच्या रूपाने ससेक्सच्या एका कुरणाशेजारी आली. इंग्लंडमध्ये तोवर ऑपेरा म्हणजे लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये उन्हाळ्यात परदेशी नामवंतांनी दोन दिवस आधी येऊन उभे राहायचे, असा प्रकार बराचसा होता.

कलेच्या बाबतीत बुश आणि एबर्ट यांचा शब्द अखेरचा राहील ही अट क्रिस्टी यांनी मान्य केली, आणि पाळली. बांधकामात मालक आणि मुख्य कारागीर यांच्यात जो जुना संकेत असतो, की मालकाने काय हवे ते सांगावे पण रंधा कसा धरायचा हे सांगू नये, तो येथे त्यांच्या कामी आला असावा. २८ मे १९३४ रोजी मोझार्टच्या ‘फिगारोचे लग्न’ या नाटकाने नाट्यगृहाचे उद्घाटन झाले. भाषा मूळची इटालियन ठेवली होती, वादक लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रामधून घेतलेले होते, आणि सुझाना या दासीची भूमिका ऑड्री मिल्डमेने केली. मालकीणबाईंना भूमिका मिळाली म्हणून कुजबुज झाली असली, तरी ध्वनिमुद्रणांत तिचे गाणे आजही ऐकता येते आणि ते आपल्या बळावर उभे राहते. दुसऱ्या रात्री ‘कोझी फान तुत्ते’ या नाटकाला श्रोते तुरळक होते. नंतर मात्र वृत्तपत्रांतील परीक्षणांनी काम केले, आणि लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून भर दुपारी संध्याकाळचा पोशाख चढवून निघालेल्या स्त्रीपुरुषांची रांग हे तेथील एक दृश्यच होऊन बसले.

या ठिकाणी हिज मास्टर्स व्हॉइस या कंपनीने केलेल्या मुद्रणांचा उल्लेख केला पाहिजे, कारण तीनशे आसनांची कीर्ती जगभर गेली ती त्यांच्यामुळे. १९३४ ते १९३६ या काळात ‘फिगारो’, ‘कोझी’ आणि ‘डॉन जोवान्नी’ या तिन्ही नाटकांचे मुद्रण आगाऊ वर्गणी भरणाऱ्या ग्राहकांच्या आधारावर झाले. एका बाजूला चार-पाच मिनिटेच मावणाऱ्या त्या काळच्या लाखेच्या तबकड्यांवर तीन तासांचे नाटक भरायचे म्हणजे तबकड्यांची चळत होई, आणि ‘फिगारो’मधील गद्याच्या जवळ जाणारे संवादगायन त्यासाठी गाळावे लागले. तरीही सलग तालमीने घडलेला मेळ कसा ऐकू येतो हे या तबकड्यांनी दाखवून दिले, आणि मोझार्टची नाटके ही केवळ गोड गाण्यांची माळ आहे हा इंग्रज श्रोत्यांचा समज बदलण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

यश आले तशी बांधकामे पुन्हा सुरू झाली. १९३६ पर्यंत आसने ४३३ झाली, आणि पुढेही दर काही वर्षांनी एखादी भिंत मागे सरके, रंगमंचाची खोली वाढे, वेशभूषेच्या खोल्या आणि कार्यशाळा जोडल्या जात. पाहुण्यांना जेवता यावे म्हणून उभारलेल्या भोजनगृहांना ओव्हर वॉलप, मिडल वॉलप आणि नेदर वॉलप अशी नावे मिळाली. हॅम्पशर परगण्यात याच नावांची गावे आहेत आणि वॉलप हे क्रिस्टी यांच्या आईचे माहेरचे नाव, असा त्यात दुहेरी विनोद होता. नाटकाच्या मध्यंतरी तासाहून अधिक वेळ जेवणासाठी राखून ठेवायचा, हिरवळीवर शिदोरी सोडायची, आणि हे सर्व करताना पोशाख औपचारिकच हवा, ही रीत यजमानाने घातली. कलावंतांनी आठवडेच्या आठवडे कष्ट घेतले असताना श्रोत्यांनीही थोडी तसदी घ्यावी, असे तिचे समर्थन केले जाई. यातील उच्चभ्रूपणा उघड आहे. तिकीट महाग, पोशाख महाग, भर कामाच्या दिवशी दुपारी लंडन सोडण्याइतकी फुरसत तर सर्वांत महाग. ज्या गवंड्यांनी आणि सुतारांनी ही वास्तू बांधली त्यांच्यापैकी कोणी तिकीट काढून त्या आसनांवर बसेल अशी त्या व्यवस्थेत कल्पनाच नव्हती. ऑर्गन रूमच्या काळात नोकर आणि कुळे श्रोत्यांत असत. कलेचा दर्जा चढला तेव्हा ती मागे सरली, ही ग्लाइंडबोर्नच्या कथेतील अप्रिय बाजू तिच्या चाहत्यांच्या लेखनात सहसा आढळत नाही.

युद्धापूर्वीच्या अखेरच्या हंगामांत मोझार्टच्या पलीकडेही पाऊल पडले. १९३८ मध्ये व्हर्दीचे ‘मॅकबेथ’ ब्रिटनमध्ये प्रथमच धंदेवाईक पातळीवर येथे रंगले. १९३९ नंतर नाट्यगृह बंद झाले; घरात लंडनहून हलवलेली लहान मुले राहायला आली, आणि ऑड्री आपल्या दोन मुलांना घेऊन कॅनडाला गेली. शांतता प्रस्थापित झाल्यावर जुन्या पद्धतीने घरमालकाच्या खिशातून हंगाम चालवणे अशक्य झाले होते. १९४६ मध्ये बेंजामिन ब्रिटन यांच्या ‘द रेप ऑफ ल्युक्रीशिया’चा आणि १९४७ मध्ये ‘अल्बर्ट हेरिंग’चा पहिला प्रयोग या रंगमंचावर झाला, त्यांतील पहिल्या कृतीने कॅथलीन फेरियर ही थोर गायिका ऑपेरात प्रथम उभी राहिली. पण क्रिस्टी यांना हे नवे संगीत रुचले नाही आणि ब्रिटन यांनी स्वतंत्र मंडळी काढली. एडिंबरो येथील प्रसिद्ध उत्सव १९४७ मध्ये सुरू झाला तो बिंग यांच्या पुढाकाराने आणि ग्लाइंडबोर्नच्या पाठबळावर. म्हणजे स्वतःच्या घरी वार्षिक उत्सव भरवणे जड जात असताना या मंडळींनी दुसऱ्या शहराचा उत्सव उभा करून दिला.

१९५० मध्ये जॉन स्पेडन लुइस या मोठ्या दुकानमालकाच्या आर्थिक हमीवर उत्सव पुन्हा आपल्या जागी आला. बुश परतले आणि दुसऱ्याच वर्षी वारले. त्यांच्यानंतर इटालियन संगीतसंचालक व्हित्तोरियो गुई यांनी रोसिनीच्या नाटकांना तेथे मानाचे स्थान दिले. १९५३ च्या मे महिन्यात ऑड्रीचे निधन झाले. पुढच्या वर्षी ग्लाइंडबोर्न आर्ट्‌स ट्रस्ट स्थापन होऊन खर्चाचा भार सभासद, देणगीदार आणि कंपन्या यांच्यात वाटला गेला, आणि मुख्य उत्सवासाठी सरकारी अनुदान न घेण्याचा प्रघात तेव्हापासून चालत आला. त्याच वर्षी क्रिस्टी यांना ‘कम्पॅनियन ऑफ ऑनर’ हा मोजक्याच व्यक्तींना दिला जाणारा राजसन्मान मिळाला. कारभार त्यांनी मुलाकडे, जॉर्ज यांच्याकडे, १९५० च्या दशकाच्या अखेरीस सोपवला, आणि ४ जुलै १९६२ रोजी ग्लाइंडबोर्नलाच त्यांचा देहान्त झाला.

जॉर्ज क्रिस्टी यांच्यापुढे जो पेच उभा राहिला तो वडिलांच्या बांधकामाचाच होता. चाळीस वर्षे ठिकठिकाणी वाढवत नेलेले नाट्यगृह १९७७ पर्यंत सुमारे ८५० श्रोते सामावू लागले होते, पण तिकिटांची मागणी त्याच्या कितीतरी पट होती, आणि कोरडा ध्वनी व अडचणीचा रंगमंच यांना आणखी ठिगळ लावून इलाज होण्याजोगा नव्हता. १९९२ च्या हंगामानंतर रिंगमरच्या कारागिरांची ती वास्तू पाडण्यात आली आणि मायकेल हॉपकिन्स व पॅटी हॉपकिन्स यांच्या वास्तुसंस्थेने घराशेजारी नवे नाट्यगृह बांधले. त्यात सुमारे १,२०० आसने आहेत, खर्च ३ कोटी ४० लाख पौंडांच्या घरात गेला, आणि त्याचा बहुतांश भाग देणग्यांतून उभा राहिला, ज्यांच्या मोबदल्यात देणगीदारांना ठरावीक आसनांवर हक्क देण्यात आला. घराच्या तुलनेत नवी इमारत अवाढव्य दिसू नये म्हणून तिचा बराच भाग उतारात खोदून जमिनीच्या पातळीखाली नेला आहे. पोलादी सांगाड्यावर विटांचा देखावा करण्याची चालू पद्धत टाळून हाताने घडवलेल्या विटांच्या भारवाही भिंती, म्हणजे छताचे वजन स्वतः पेलणाऱ्या भिंती, चुन्यात चढवल्या आहेत. चुना सिमेंटइतका ताठर नसल्यामुळे अशा भिंतीला तापमानाच्या चढउताराने तडे जाण्याची धास्ती कमी राहते. आतील आसने, कठडे आणि भिंतींचे आवरण जुन्या व्हिक्टोरियन इमारतींतून काढलेल्या पाइनच्या लाकडाचे आहे, आणि ध्वनीला ऊब आली ती बऱ्याच अंशी नाल-आकाराच्या दालनामुळे व या लाकडामुळे. उद्घाटन २८ मे १९९४ रोजी, पहिल्या प्रयोगाला साठ वर्षे पुरी झाली त्या दिवशी, ‘फिगारोचे लग्न’ याच नाटकाने झाले. जॉर्ज यांच्याकडून कारभार २००० मध्ये त्यांचा मुलगा गस यांच्याकडे आला.